पुलाजवळची घंटा

२ मार्च, सोमवार

रक्तदाब: ठीक.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रोज मोजायचा, वहीत लिहायचा आणि वाढला तर कशामुळे वाढला तेही लिहायचं. म्हटलं, बाई, कारण मला मोजायच्या आधीच ठाऊक असतं. येत्या एकवीस तारखेला आमच्या मेडोकिशमध्ये चालण्याची शर्यत आहे.

आमचं गाव म्हणजे स्लोवाकियाच्या दक्षिणेला मुठीत मावेल एवढी वस्ती. वर्षभर इथे गुडघे धरलेले, कंबर आखडलेले लोक गंधकाच्या गरम पाण्यात डुंबायला येतात. आणि मार्चमधल्या एका शनिवारी जगातले सगळ्यात झपाझप चालणारे लोक येतात. मेक्सिको, इटली, चीन, कुठून कुठून. कारंज्यापासून पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, अशा वीस फेऱ्या. आमची झ्लाटित्सा त्यात चालते. घरात झ्लाटका. एकुलती एक.

काल जेवताना तिने बॉम्ब टाकला. "बाबा, यंदाही नाही जमलं तर बूट काढून ठेवणार. गरम पाण्याच्या स्नानगृहात नोकरीची जागा निघाली आहे. एप्रिलपासून ये म्हणालेत."

"म्हणजे लोकांच्या पाठीला चिखल लावणार?"

"काहीतरी करायला नको का? उन्हाळ्यात युरोपच्या शर्यतीला जायचं तर ठरलेल्या वेळेत चालायला हवं, आणि त्यासाठी आता ही एकच शर्यत उरली आहे."

मी म्हटलं, जमणार म्हणजे जमणारच. इम्रिखची पोर आहेस. बायको सूप पीत राहिली. 

५ मार्च, गुरुवार

रक्तदाब: वाढलेला. कारण: बायको.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो म्हणजे डॉक्टरीणबाईंना कळेल की या घरात मी काय सोसतो. माझी बायको ब्लाझेना या शर्यतीत पंच असते. चालताना एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे. त्यात चूक होतेय असं वाटलं की पंच आधी पिवळी चकती दाखवतो, म्हणजे सांभाळ. चूक डोळ्यांनी स्पष्ट दिसली की लाल चिठ्ठी. तीन पंचांच्या तीन चिठ्ठ्या झाल्या की दोन मिनिटं कडेच्या कुंपणात उभं करतात, आणि तेवढ्यात हवी ती वेळ हातची जाते. गेली दोन वर्षं झ्लाटका त्या कुंपणात उभी होती. मेंढरासारखी.

आणि गेल्या वर्षीच्या तीन चिठ्ठ्यांतली एक तिच्या आईची होती!

ब्लाझेनाने वर लिहून कळवलं होतं की मुलीच्या शर्यतीत मला घेऊ नका. उत्तर आलं, एवढ्याशा देशात प्रत्येक पंच कुणाचा तरी कुणीतरी लागतोच, तुम्ही डोळे उघडे ठेवा आणि उभ्या राहा. तिने ठेवले की हो उघडे!

आज परत विषय काढला. "ब्लाझेना, आई म्हणून खरं सांग..."

"हातात चकती असते तेव्हा मी कुणाची आई नसते."

"आत्ता तर हातात चमचा आहे."

"चमचा असला तरी पंच घरी चालणाऱ्यांबद्दल बोलत नाही. सूप गार होतंय, इम्रो."

ही बाई लग्नाआधी इतकी हसायची की मला वाटायचं, हिच्यावर आयुष्यभर रागावायची वेळच येणार नाही.

८ मार्च, रविवार

रक्तदाब: ठीक.

महिला दिन. दोघींना कार्नेशनची फुलं दिली. ब्लाझेनाला जरा मोठं.

दुपारी घंटा घासली. राख आणि व्हिनेगर लावलं की ती अशी लखलखते की बघत राहावं. वडील डोंगरावर मेंढरं राखायचे, त्यांच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली ही घंटा. ती वाजली की अख्खा कळप मान वर करून धावत सुटायचा. शर्यतीला माझी जागा ठरलेली, पुलाच्या कठड्यापाशी. झ्लाटका वळणावर आली की मी घंटा खणखणवतो आणि ओरडतो, "ओढ, झ्लाटका, ओढ!" गेयझा शेजारी म्हणतो की माझा आवाज हंगेरीत ऐकू जातो. जाऊ दे. आमची पोर घंटा ऐकते आणि तिच्या पायांना पंख फुटतात. गेल्या वर्षी तर माझ्यासमोरून अशी गेली की पाय जमिनीला लागतायत की नाही कळेना. अंगावर काटा आला. आणि नेमक्या त्याच टप्प्यात तिला चिठ्ठ्या!

मी हिशोब मांडलाय. दोन्ही वर्षं सगळ्या लाल चिठ्ठ्या पुलाकडच्या टोकाला पडल्या. कारंज्याकडे एकही नाही. याचा अर्थ सरळ आहे. कारंज्याकडचे पंच सज्जन आहेत आणि पुलाकडच्यांचं आमच्या घराशी काहीतरी वाकडं आहे. त्यात माझी बायकोही पुलाकडेच.

यंदा दुप्पट जोराने वाजवणार. बघू कुणाची टाप आहे.

११ मार्च, बुधवार

रक्तदाब: मोजला नाही. मोजायची गरजच नाही.

समितीची बैठक. दरवर्षी कारंज्याजवळ मोठी कढई चढते आणि सगळ्या गावाला, पाहुण्यांना, पंचांना गुलाश, म्हणजे लाल मिरचीपूड घातलेला मांसाचा रस्सा, मिळतो. आजवर तो गेयझा करत आला. गावात दुसऱ्या कुणी पळीला हात लावला तर तो आठवडाभर बोलत नाही. आणि आज हा उभा राहतो, कंबरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, "माझ्या पाठीत उसण भरलीय. यंदा इम्रिखने करावा. जन्मभर खाटीकखान्यात काम केलंय, मांस त्याला कळतं."

मी म्हटलं, "मला पुलाजवळ उभं राहायचं असतं, अख्ख्या गावाला माहीत आहे."

तर हात वर कुणाचा जावा? ब्लाझेनाचा. "माझं अनुमोदन," म्हणाली. मग काय, सगळ्यांचे हात वर. आमच्याकडे गुलाशला नाही म्हणणं म्हणजे गावाला नाही म्हणणं. आणि कढई सोडून हलता येत नाही. गुलाश एकदा खाली लागला की लोक माणसाच्या मयतीतही त्याची आठवण काढतात.

बाहेर पडताना गेयझाने मला त्याची स्वतःची तिखट मिरचीपूड दिली, अख्खी बरणी. हा माणूस शिडी देताना दोनदा विचारतो की परत कधी आणशील. त्याची पाठ फारच दुखत असणार. मला वाईट वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

रक्तदाब: जरासा वर.

सकाळी कुंपणापलीकडे बघतो तर गेयझा लाकडं फोडतोय. "पाठ?" मी ओरडलो. त्याने कुऱ्हाड टाकली आणि ओंडक्यावर बसला. "हवा बदलली की बरं वाटतं," म्हणाला. पाठीचं दुखणं असंच असतं, येतं आणि जातं.

१५ मार्च, रविवार

रक्तदाब: ठीक.

झ्लाटकाबरोबर ओढ्याच्या बांधावर गेलो. ती चालते, मी सायकलवरून शेजारी. घंटा पिशवीत घेतली होती. तिने घरातून निघतानाच पाहिलं.

"बाबा, आज नको घंटा. कुत्री बिथरतात."

"बांधावर कुठली आली कुत्री?"

"असतात कधीकधी."

घंटा दारामागे अडकवली. आणि मग काय, टप टप टप टप. एका सुरात, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेग चांगला होता, नाही म्हणत नाही, पण काही रंगत नाही. मला सायकलवर डुलकी यायची वेळ आली. शेवटी न राहवून मी ओरडलोच, "ओढ, झ्लाटका!" आणि अशी उसळली पोर! म्हटलं, बघ, याला म्हणतात चालणं! ती थांबली. कंबरेवर हात ठेवून खाली आपल्या बुटांकडे बघत राहिली.

मग सायकलच्या दांडीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, शनिवारी तू कढईजवळच असशील ना? शेवटपर्यंत?"

"काय करू, तुझ्या आईने अडकवलंय."

"बाबा..." तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं. माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "टोपी घाल. वारं आहे."

किती जीव आहे पोरीचा माझ्यावर. मी पुलाजवळ नसणार म्हणून आतून तुटतेय बिचारी, पण तोंडातून शब्द काढत नाही. परत येताना माझे डोळे भरून आले. वाऱ्यामुळे म्हणून सांगितलं.

घंटा मी नेणारच. एप्रनखाली सहज मावते.

२० मार्च, शुक्रवार

रक्तदाब: उद्या बघू.

दिवसभर कांदे. डोळे लाल, हातांना वास, पण कांदा कसा चिरायचा असतो ते एकदा गावाला कळू दे. पाहुणे आलेत. वरच्या खोलीत मेक्सिकोचा एक प्रशिक्षक उतरलाय. त्याने गेयझाची मिरचीपूड बोटावर घेऊन चाखली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लहान मुलाला दूध पाजतोय. उद्या खाताना बघतो त्याच्याकडे.

झ्लाटका लवकर झोपायला गेली. जाताना माझ्या टकलावर ओठ टेकले.

ब्लाझेना भांडी आवरत होती. अचानक येऊन बाहीला धरलं. असं तिने कधी धरलं होतं ते आठवतही नाही. "इम्रो, उद्या कढई सोडू नकोस."

"का?"

तिने बाही आणखी घट्ट धरली. "गुलाश लागेल."

"तुला गुलाशची काळजी! पोरीचं काय होणार याची नाही."

तिने हात काढून घेतला आणि परत भांड्यांकडे वळली. मला जरा जास्तच बोललो असं वाटलं, पण ती पाठमोरी होती.

२१ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहितो. पायरीने.

सकाळी ऊन पडलं. कढई कारंज्याजवळ, शेजारीच तो मोठा फलक, ज्यावर कुणाला किती लाल चिठ्ठ्या ते लागतं. म्हणजे पोर दिसणार, चिठ्ठ्या दिसणार, पण पूल थेट दुसऱ्या टोकाला. गेयझा पाठ धरून माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसला. कारंज्यावर गर्दी, गरम वाइन, खसखशीच्या पोळ्या, बँडवाले.

मुलींची शर्यत सुटली. पहिल्या फेऱ्या झ्लाटका पुढच्या घोळक्यात. प्रत्येक वेळी कारंज्याला वळसा घालताना तिचे पाय टप टप टप, अगदी बांधावरच्यासारखे. मी पळीने कढईच्या काठावर ताल धरला. गेयझा म्हणाला, "हळू. गुलाश आहे, लग्नाचा ढोल नाही."

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर फलकावर तिच्या नावापुढे एक लाल. थोड्या वेळाने दुसरी. दुसरी ब्लाझेनाची का, ते कळायला मार्ग नव्हता. वेळ मात्र जमत होती. अगदी काठावर, पण जमत होती. दोन इटालियन पोरी पुढे निघाल्या आणि झ्लाटका एकटी पडली. तिचा चेहरा पांढराफटक. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा लाउडस्पीकरवाला ओरडला की हिने असाच वेग ठेवला तर हिला युरोपचं तिकीट. आणि ती कारंज्यावरून गेली तेव्हा मला वाटलं, संपली पोर. आता हिला फक्त मीच खेचू शकतो.

"गेयझा, पळी धर."

"अरे, माझी पाठ..."

"पाठ गेली खड्ड्यात!"

मी पळी त्याच्या मांडीवर टाकली आणि लिंडनच्या झाडांमागून धावत सुटलो. एप्रनखाली घंटा बरगड्यांवर आपटत होती. आणि मागे बघतो तर गेयझा! तो आखडलेला माणूस खुर्ची उलथवून माझ्यामागे पळत होता. "इम्रो, थांब! अरे नको जाऊस तिकडे! इम्रो!" असा पळत होता की त्याला शर्यतीत घ्यावं. मला वाटलं, याला पळी धरायची नाही म्हणून बोंबलतोय.

पुलाच्या कठड्यापाशी पोचलो. माझी जागा रिकामी ठेवली होती लोकांनी. एप्रनखालून घंटा काढली, वर धरली. शेवटच्या फेरीत झ्लाटका पुलाकडे येताना दिसली.

रस्त्यापलीकडे ब्लाझेना उभी होती. पंचाची टोपी, हातात चकती. तिने मला पाहिलं. झ्लाटका अजून तिच्या टप्प्यात आली नव्हती. आणि माझ्या बायकोने ती पिवळी चकती उचलली आणि माझ्यासमोर धरली.

माझ्यासमोर! मी चालत नव्हतो, उभा होतो. चकतीवरची ती नागमोडी रेघ, दोन्ही पाय जमिनीवरून सुटल्याची खूण, ती माझ्याकडे. पहिल्यांदा मला हसूच येणार होतं. मग तिचा चेहरा पाहिला. झ्लाटका लहान असताना तापाने फणफणली होती आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं होतं, त्या दिवशी हिचा चेहरा असा होता. ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी, आणि नजर माझ्या हातावर. घंटेवर.

मी वळून झ्लाटकाकडे बघितलं. अजून घंटा वाजली नव्हती, पण पोरीचे खांदे वर चढले होते. मान आधीच माझ्या कठड्याच्या दिशेने. ती घंटेची वाट बघत होती. उडायच्या तयारीत.

पुलाकडचे पंच. गेयझाची पाठ. बांधावरची कुत्री. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय झालं ते मी लिहिणार नाही. ही वही डॉक्टरीणबाई वाचतात. 

मी घंटेत मूठ घातली आणि लोलक आवळून धरला. तोंडही मिटलं. माझं तोंड पुलावर मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, शेजारची बाई घाबरून विचारती झाली, "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

झ्लाटका माझ्यासमोरून गेली. अगदी हाताच्या अंतरावरून. तिने मला बघितलं, मूठ बघितली. आणि तिचे खांदे खाली आले. टप टप टप टप. ब्लाझेनाने गुडघ्यात वाकून लेकीचे पाय बघितले, पुढच्या झाडाखालच्या स्पॅनिश पंचाने बघितले, त्याच्या पुढच्याने बघितले. चिठ्ठीसाठी कुणाचा हात खिशाकडे गेला नाही.

मी तसाच उभा राहिलो. लाउडस्पीकर काय ओरडतोय ते लोकांच्या आरड्यात कळेना. मग गेयझाने, जो धापा टाकत माझ्या मागे उभा होता, माझ्या पाठीवर असा धपका घातला की माझी टोपी पाण्यात पडली. "वेळेत! म्हाताऱ्या, वेळेत आली तुझी पोर!"

मी रडलो. वारं अजिबात नव्हतं.

कारंज्यापाशी पोचेपर्यंत झ्लाटका जमिनीवर पाय पसरून बसली होती, अंगावर चांदीसारखा चकचकीत कागद. मला बघून म्हणाली, "बाबा, आता वाजव."

मी वाजवली. हंगेरीतच काय, पार रोमानियात ऐकू गेली असेल.

आणि गुलाश लागला. तळाला बोटभर काळा थर. कढईजवळ कुणी नव्हतंच ना! अख्ख्या गावाने करपलेला गुलाश खाल्ला आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, मला तसं सांगितलं. मेक्सिकोवाल्याने मात्र दोनदा मागून घेतला. म्हणाला, त्याच्या घरी असाच धुरकट करतात.

मुख्य पंच लिथुआनियाचा, उंच, कधी न हसणारा माणूस. वाडगा घेऊन आला आणि ब्लाझेनाला म्हणाला, "बाई, प्रेक्षकाला पिवळी दाखवायची नियमात तरतूद नाही." तिचा रंग उतरला. त्याने एक घास खाल्ला, सावकाश चावला. "पण हा गुलाश खाऊन वाटतं, असायला हवी."

२२ मार्च, रविवार

रक्तदाब: ठीक. खरंच ठीक, दोनदा मोजला.

सकाळी गेयझा बरणी मागायला आला. मी म्हटलं, पाठ कशी आहे? म्हणाला, "कसली पाठ?"  मी त्याला बाटलीतली प्लमची दारू दिली आणि त्याने ती घेतली. आमच्यात एवढंच पुरतं.

ब्लाझेना कॉफी घेऊन समोर बसली. शर्यत झाली, चकती परत पेटीत गेली, म्हणजे आता बोलायला हरकत नसावी. मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"पंच चालणाऱ्यांबद्दल घरी बोलत नाही."

"मी कुठे चालणारा आहे?"

"झ्लाटकाही सांगेना. म्हणाली, बाबा त्या घंटेसाठी वर्षभर थांबतो, मी नाही त्याला सांगणार. हरले तरी चालेल."

मी कॉफीत साखर घातली. परत घातली. मग म्हटलं, "काल समज मी वाजवली असती तर? लाल दिली असतीस?"

"एका पंचाला एका माणसासाठी एकच लाल असते, इम्रो," ती म्हणाली. "तुझी मी लग्नापासून जपून ठेवली आहे." आणि हसली. अगदी पूर्वीसारखी, मान मागे टाकून.

आत्ता खिडकीखालून झ्लाटका गेली. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला ती जाते. घंटा दारामागे खिळ्याला आहे, हात लांब केला तर पोचेल. टप टप टप टप. कोपऱ्यापर्यंत ऐकू येतं, नीट कान दिला तर कोपऱ्याच्या पलीकडेही. मी लिहायचं थांबवून ऐकत बसलोय.